शस्त्रक्रिया झाली, आता पाऊल उचला

गुडघ्याचा सांधा बदलून घरी आलेल्या आजींभोवती साऱ्या घराचे लक्ष एकवटते. पुढच्या खोलीत खाट मांडली जाते, सून पाण्याचा तांब्या उशाशी ठेवते, नातवंडांना दंगा न करण्याची ताकीद मिळते आणि भेटीस येणारा प्रत्येक जण एकच सल्ला देतो : ‘आता मुळीच उठू नका, पूर्ण विश्रांती घ्या.’ टाके कोरडे असतात, ताप नसतो, शस्त्रक्रिया उत्तम झाल्याचे डॉक्टरांनी सांगितलेले असते. आठ-दहा दिवस असे जातात आणि एका पोटरीत ओढल्यासारखे दुखू लागते. पाय किंचित सुजतो. ‘एवढी मोठी शस्त्रक्रिया झाली, थोडे दुखायचेच,’ असे म्हणून घरातील कोणी मायेने तेल कोमट करून आणते आणि मालिश करण्यासाठी पोटरीवर हात ठेवते.

त्या हाताने क्षणभर थांबणे आवश्यक असते. पोटरीतील दुखणे स्नायूचेच असेल असे नाही. खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी धरली असेल, तर दाबण्या-चोळण्याने तिचा तुकडा सुटून थेट फुप्फुसात जाऊन अडकू शकतो. शस्त्रक्रियेनंतर उद्भवणाऱ्या गंभीर संकटांपैकी हे एक संकट आहे. आणि तरीही ते बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगे आहे. ते टाळण्याचे अर्धे काम शल्यविशारद व रुग्णालय यांचे असते, उरलेले अर्धे रुग्णाचे आणि त्याच्या घरच्यांचे.

गुठळी का धरते?

रक्ताला गोठण्याचा गुण निसर्गाने दिला नसता, तर भाजी चिरताना बोटाला लागलेला काप प्राणावर बेतला असता. मात्र गोठण्याच्या या शक्तीला तोलून धरणारी, गोठलेले रक्त विरघळविणारी दुसरी शक्तीही शरीरात अखंड काम करीत असते. एखाद्या खातेवहीत जमा आणि नावे या दोन्ही बाजूंचा ताळा जमावा, तसा या दोन शक्तींचा मेळ निरोगी माणसात जमलेला असतो. शस्त्रक्रिया हा ताळा काही काळ बिघडविते.

तो कसा बिघडतो, हे उलगडण्याचे श्रेय प्रामुख्याने जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांच्याकडे जाते. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत आढळणाऱ्या गुठळ्या तेथेच तयार झालेल्या नसून पायांच्या शिरांतून वाहत आलेल्या असतात, हे त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रयोगांनी दाखवून दिले. १८५६ साली त्यांचे या विषयावरील लेखन एकत्रितपणे प्रसिद्ध झाले. गुठळी धरण्याची जी तीन कारणे आज त्यांच्या नावाने शिकविली जातात ती अशी : रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. फिर्खो यांचा जन्मदिवस १३ ऑक्टोबर हा २०१४ पासून ‘जागतिक थ्रॉम्बोसिस दिन’ म्हणून पाळला जातो, तो याच कार्याच्या स्मरणार्थ.

मोठ्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही कारणे एकाच वेळी उपस्थित होतात. भुलीखाली आणि त्यानंतर खाटेवर रुग्ण निश्चल पडून असतो, म्हणून प्रवाह मंदावतो. हाडे व स्नायू यांवर काम करताना आसपासच्या शिरांना धक्का पोहोचतो. शिवाय जखम भरून काढण्यासाठी शरीर स्वतःच रक्ताची गोठण्याची शक्ती वाढविते.

पायांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. हृदयाने ढकललेले रक्त पायांपर्यंत सहज उतरते. परंतु तेथून वर चढताना त्याला गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध जावे लागते. हे काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकताना ते आवळले जातात, आतील शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकते. शिरांमधील झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हणतात ते यामुळेच. माणूस झोपून राहिला की हे दुसरे हृदय जवळजवळ थांबते, झडपांच्या कोनाड्यांत रक्त साकळते आणि तेथेच गुठळीची सुरुवात होते. शस्त्रक्रिया पोटाची असली तरी गुठळी पायात धरते, यातील कोडे असे उलगडते.

कोणी अधिक सावध असावे?

हर्नियाच्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर संध्याकाळी घरी जाणारा तरुण आणि खुब्याचे हाड मोडलेले पंचाहत्तर वर्षांचे आजोबा यांचा धोका सारखा नसतो. खुबा व गुडघा यांचे सांधे बदलणे, खुब्याच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रिया आणि कर्करोगासाठी पोटात किंवा ओटीपोटात केलेली मोठी शस्त्रक्रिया यांमध्ये धोका विशेष असतो. प्रतिबंधक उपाय प्रचारात येण्यापूर्वीच्या काळात सांधा बदललेल्या रुग्णांच्या शिरांची रंगद्रव्य सोडून तपासणी केली असता, सुमारे ४० ते ६० टक्के रुग्णांच्या शिरांत लहान-मोठ्या गुठळ्या आढळत. त्यांतील बहुतेक कोणताही त्रास न देता विरून जात. पण कोणती विरेल आणि कोणती सुटून वर जाईल, हे आधी सांगता येत नसे.

वाढते वय, स्थूलपणा, धूम्रपान, पायांवरील फुगलेल्या शिरा, पूर्वी कधी धरलेली गुठळी आणि जवळच्या रक्ताच्या नात्यात कोणाला झालेला हाच विकार यांनी धोका वाढतो. गर्भनिरोधक गोळ्या किंवा रजोनिवृत्तीनंतर घेतली जाणारी संप्रेरके यांचाही यात वाटा असतो. म्हणून अशी औषधे चालू असल्यास ती शस्त्रक्रियेच्या पुरेशी आधी डॉक्टरांच्या कानावर घालावीत. रुग्णालये या सर्व बाबींना गुण देऊन धोक्याची बेरीज काढतात आणि त्यानुसार उपाय ठरवितात. ही बेरीज अचूक यायची, तर रुग्णाने आपला पूर्वेतिहास काहीही न लपविता सांगितला पाहिजे.

बाळंतिणीचा विचारही येथे वेगळा करावा लागतो. गर्भारपणात आणि प्रसूतीनंतर सुमारे सहा आठवडे रक्त गोठण्याची प्रवृत्ती स्वभावतःच वाढलेली असते. त्यात सिझेरियनची भर पडली की धोका आणखी चढतो. सव्वा महिना खोलीबाहेर पाऊल न टाकू देण्याची जुनी रीत ज्या घरांत अद्याप पाळली जाते, तेथे निदान खोलीतल्या खोलीत तरी तिला दिवसातून अनेकदा चालू द्यावे.

खाट सोडण्याचे औषध

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दोन-तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवणे, हाच वैद्यकाचा शिरस्ता होता. १९४० च्या दशकात तो झपाट्याने बदलला. लवकर उठविलेले रुग्ण लवकर सुधारतात, हे अनुभवास आले. आज सांधा बदललेल्या रुग्णाला पुष्कळ रुग्णालयांत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे केले जाते. वैद्यकाने सोडून दिलेला तो शिरस्ता आपल्या घरांतून मात्र अजून गेलेला नाही.

उठण्याची परवानगी मिळेपर्यंतही पोटरी कामास लावता येते. जाग असताना दर तासाला दहा-वीस वेळा पावलाचा पंजा स्वतःकडे ओढावा आणि मग पुढे ढकलावा. घोटा दोन्ही दिशांनी गोल फिरवावा. दीर्घ श्वसन करावे. बसताना पायांवर पाय टाकू नये. गुडघ्याखाली जाड उशी ठेवून पाय तासन्‌तास वाकवून ठेवू नये. आधार द्यायचाच असेल तर तो टाचेखाली द्यावा. चालण्यास मुभा मिळाल्यावर एकदाच दमेपर्यंत चालण्यापेक्षा थोडे थोडे, पण अनेक वेळा चालणे हितावह. किती चालावे आणि पायावर किती भार द्यावा, हे शल्यविशारद व फिजिओथेरपिस्ट यांनी सांगितल्याप्रमाणेच ठरवावे.

पाण्याचे महत्त्वही तेवढेच. शरीरातील पाणी घटले की रक्त दाट होते. शौचास वारंवार उठावे लागू नये म्हणून पाणी कमी पिण्याची सवय अनेक वृद्धांना, विशेषतः स्त्रियांना असते. शस्त्रक्रियेनंतर ती महाग पडू शकते. चौविहार पाळणाऱ्यांनी दिवस मावळण्यापूर्वी पुरेसे पाणी पोटात गेले आहे ना, याकडे लक्ष द्यावे आणि रात्रीच्या औषधांच्या वेळा डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवाव्यात. निर्जल उपवासाचा विचार बरे होईपर्यंत बाजूला ठेवणे श्रेयस्कर. आजारी माणसासाठी पच्चक्खाणात आगारांची सोय आहेच, त्याविषयी साधू-साध्वींचे मार्गदर्शन घेता येईल. हृदय किंवा मूत्रपिंड यांचा विकार असणाऱ्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

रुग्णालयात पायांना घट्ट मोजे घातले जातात किंवा हवा भरून पाय ठरावीक वेळाने हलकेच आवळणारे पट्टे बांधले जातात. थांबलेल्या पोटरीचे काम ते बाहेरून करतात. मोजे मापाचे असावेत आणि त्यांची कड दुमडून पायाला करकचू नये. पायांच्या शुद्ध रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या किंवा मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेली असल्यास असे मोजे स्वतःच्या मनाने घालू नयेत.

औषध, त्याचे मूळ आणि मनाची घालमेल

धोका अधिक असेल तेथे केवळ हालचालीवर भागत नाही; रक्त सहज गोठू न देणारे औषध द्यावे लागते. त्यातील सर्वांत जुने औषध हेपॅरिन. १९१६ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला यकृतातून काढलेल्या अर्कात रक्त गोठू न देणारा गुण आढळला. पुढे त्यांचे गुरू विल्यम हॉवेल यांनी यकृतासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव दिले. शस्त्रक्रियेपूर्वीच अल्प मात्रेत हेपॅरिन सुरू केल्यास जीव वाचतात, हे सिद्ध करण्यात एका भारतीय वंशाच्या शल्यविशारदाचा मोठा वाटा आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील विजय कक्कर यांच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९७५ साली प्रसिद्ध झाले. मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या ४,१२१ रुग्णांची त्यात नोंद होती. हेपॅरिन न मिळालेल्या गटात फुप्फुसातील गुठळीने १६ मृत्यू झाले, तर जवळजवळ तेवढ्याच मोठ्या, हेपॅरिन मिळालेल्या गटात केवळ २.

येथे शाकाहारी आणि विशेषतः अहिंसाव्रती कुटुंबांपुढे एक प्रश्न उभा राहतो. आज वापरले जाणारे हेपॅरिन मुख्यत्वे डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून मिळविले जाते. पोटाच्या त्वचेत टोचली जाणारी एनोक्सापॅरिन, डाल्टेपॅरिन ही औषधेही त्याच हेपॅरिनपासून तयार होतात. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. काहींना ती शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री कळते आणि घरात एकच गोंधळ उडतो. इंजेक्शन ऐनवेळी नाकारणे धोक्याचे, आणि मनाविरुद्ध घेतल्याची टोचणी उरणे हेही क्लेशाचे.

यावर उपाय एकच : हा प्रश्न आधी विचारणे. पर्याय उपलब्ध आहेत. फोंडापॅरिनक्स हे इंजेक्शन संपूर्णतः रासायनिक रीतीने बनविले जाते. रिव्हरोक्साबान, एपिक्साबान या गोळ्यांचा औषधी घटकही प्रयोगशाळेत तयार होतो आणि खुबा वा गुडघा बदलल्यानंतर त्या दिल्या जातात. काही रुग्णांत अ‍ॅस्पिरिनचाही उपयोग केला जातो. वॉरफरिन या जुन्या गोळीचा माग तर जनावरांच्या चाऱ्यापर्यंत पोहोचतो. अमेरिकेत बुरसलेला स्वीट क्लोव्हर हा चारा खाऊन रक्तस्रावाने मरणाऱ्या गुरांचे कारण शोधता शोधता विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या वर्गातील पहिले द्रव्य सापडले. मात्र वॉरफरिनचा परिणाम दिसण्यास काही दिवस लागतात.

प्रत्येक पर्याय प्रत्येकाला चालत नाही. मूत्रपिंडाचे कार्य, वजन, वय, रक्तस्रावाची शक्यता आणि शस्त्रक्रियेचा प्रकार पाहून निवड करावी लागते. कधी प्राणिजन्य औषध हेच सर्वांत सुरक्षित ठरते. अशा वेळी काय करायचे, हा निर्णय रुग्णाने स्वतः, शांतपणे आणि पूर्ण माहितीनिशी घ्यावा. शस्त्रक्रियेची तारीख ठरवितानाच शल्यविशारद व भूलतज्ज्ञ यांना विचारलेला प्रश्न हा निर्णय सोपा करतो. पाठीच्या कण्यातून भूल द्यायची असल्यास या औषधांच्या वेळा काटेकोर पाळाव्या लागतात, म्हणूनही भूलतज्ज्ञांशी बोलणे अगत्याचे. आधीपासून रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी ते आपल्या मनाने बंद करू नये आणि चालूही ठेवू नये, विचारावे.

घरी आल्यानंतरचे दिवस

रुग्णालयातून सुट्टी मिळाली म्हणजे धोका संपला, ही समजूत चुकीची आहे. गुठळी शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन महिन्यांपर्यंत केव्हाही धरू शकते आणि अशा अनेक घटना रुग्ण घरी परतल्यानंतरच घडतात. म्हणूनच खुब्याचा सांधा बदलल्यावर प्रतिबंधक औषध बहुधा ३५ दिवसांपर्यंत, गुडघ्यानंतर निदान १० ते १४ दिवस आणि पोटातील कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे चार आठवडे दिले जाते. ‘आता बरे वाटते, सुया कशाला टोचून घ्यायच्या?’ असे म्हणून ते मध्येच सोडू नये. कागदावर तारखांचे रकाने आखून प्रत्येक मात्रेपुढे खूण करण्याची जबाबदारी घरातील एकाने घ्यावी.

इंजेक्शन घरी द्यायचे असल्यास परिचारिकेकडून नीट शिकून घ्यावे. बेंबीपासून थोडे दूर, पोटाच्या चिमटीत धरलेल्या त्वचेत ते टोचावे. जागा रोज बदलावी आणि टोचल्यावर ती चोळू नये, अन्यथा काळेनिळे डाग पडतात. भरून आलेल्या सिरिंजमधील हवेचा लहान बुडबुडा, पूर्ण मात्रा द्यायची असेल तर, बाहेर काढायचा नसतो. एखादी मात्रा राहून गेल्यास पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. डॉक्टरांना फोन करावा.

या औषधांचा दुसरा पैलू म्हणजे रक्तस्राव. शौचास डांबरासारखे काळे होणे, लघवीतून रक्त जाणे, हिरड्यांतून वा नाकातून रक्त न थांबणे, जखम एकाएकी फुगणे किंवा असह्य डोकेदुखी यांपैकी काही दिसल्यास त्वरित कळवावे. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या अशा काळात टाळाव्यात, आणि काढे वा वनौषधी चालू असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे.

ज्यांना पुढे वॉरफरिन किंवा एसिनोकुमरॉल यांसारख्या गोळ्या चालू राहतात, त्यांच्यासाठी आहाराची एक सूचना आहे. पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व या गोळ्यांच्या विरुद्ध काम करते. म्हणून पालेभाज्या वर्ज्य करायच्या नसतात; त्यांचे प्रमाण मात्र दररोज सारखे राखायचे असते. एरवी रोज पालेभाजी आणि पर्वाच्या दिवसांत सलग आठ-दहा दिवस हिरवे पान नाही, असा बदल घडला तर औषधाचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका निर्माण होऊ शकतो. चातुर्मासापूर्वी ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली, तर रक्ताची तपासणी त्या बेताने ठेवता येते.

पहिले काही आठवडे लांबचा प्रवास शक्यतो टाळावा. नवस फेडण्यासाठी किंवा तीर्थयात्रेसाठी गाडीत दहा-दहा तास बसणे या काळात योग्य नव्हे. प्रवास अटळच असेल, तर आधी विचारून घ्यावे आणि दर तास-दीड तासाने उतरून चार पावले चालावे.

या खुणा ओळखा

एकाच पायाला सूज येणे, पोटरीत किंवा मांडीत दुखणे, त्या जागी गरम लागणे, त्वचा लालसर वा निळसर होणे या पायातील गुठळीच्या खुणा होत. अशा पायाला मालिश करू नये आणि शेकूही नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. डॉपलर सोनोग्राफीने निदान होते आणि ती करताना वेदना होत नाहीत. दोन्ही पायांवरची थोडी सूज शस्त्रक्रियेनंतर येऊ शकते. तरीही शंका आल्यास ती मनात ठेवू नये.

एकाएकी धाप लागणे, दीर्घ श्वास घेताना छातीत कळ येणे, नाडी जलद चालणे, खोकल्यातून रक्त पडणे, घेरी येणे वा शुद्ध हरपणे या फुप्फुसात गुठळी पोहोचल्याच्या खुणा असू शकतात. येथे मिनिटांचा हिशेब असतो. ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा किंवा सोडा देत बसू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. ती बोलवावी किंवा जवळच्या सुसज्ज रुग्णालयात तातडीने न्यावे आणि अलीकडे कोणती शस्त्रक्रिया झाली, हे तेथे पहिल्याच वाक्यात सांगावे. वेळेत निदान झाले तर यावर प्रभावी उपचार आहेत.

पुढच्या खोलीतील त्या खाटेवरच्या आजींना घरच्यांच्या मायेची गरज आहेच. फक्त त्या मायेने आपली रीत थोडी बदलायला हवी. पाण्याचा तांब्या उशाशी न ठेवता चार पावलांवरच्या मेजावर ठेवावा आणि तेथवर जाताना सोबत कोणीतरी असावे. वाटेतली सतरंजी गुंडाळून ठेवावी, वॉकर हाताशी असावा, रात्री मंद दिवा असावा. भेटीस आलेल्यांनी आल्या आल्या विचारपूस करावी आणि मग आजींना सोबत घेऊन सज्जापर्यंत एक फेरी मारावी. आणि पोटरी दुखते असे त्या म्हणाल्या, तर तेलाची वाटी खाली ठेवून आधी डॉक्टरांना फोन लावावा.